कणकणीचे माप

घटस्थापना उलटून गेली आणि पहाटे पायाशी पडलेले पांघरूण वर ओढून घ्यावेसे वाटू लागले, की आमच्या घरात फराळाच्या डब्यांच्या आधी सर्दी येते. लहानपणापासून हे पाहत आलो आहे. चकलीची भाजणी भाजताना आई शिंकायची, अनारशाचे पीठ चाळताना मी शिंकायचो, आणि वडील ओसरीवरून ‘झाली सुरुवात’ म्हणून आलेपाक मागवायचे. सर्दीला कोणी आजार मानीतच नसे. गवती चहा, सुंठ, रात्री छातीला लावलेले कोमट तेल, एवढ्यावर तिची बोळवण होई. तेव्हा ह्या वर्षी संपादकांनी इतिहासावर लेख मागितला आणि मी सर्दीपडशाच्या इतिहासाकडे वळलो, म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये. विषयच नाकाचा आहे.

मी इतिहासाचा शिक्षक. तह, लढाया, सनदा आणि महसुलाच्या पद्धती ह्यांत आयुष्य गेले. पण गेली काही वर्षे एका वेगळ्याच प्रश्नाने मला धरून ठेवले आहे. माणूस म्हणतो, ‘मला बरे वाटत नाही.’ त्याच्या ह्या बोलण्याला पुरावा मानायचे की नाही? मानायचे तर त्याचे वजन किती? कागदपत्रांची साक्ष तपासणाऱ्याला हा प्रश्न अगदीच परका नाही. फरक इतकाच, की इथे साक्षीदार जिवंत असतो आणि बहुधा शिंकत असतो.

प्रश्न पुस्तकातून आला नाही, घरातून आला. १९८७ सालच्या कार्तिकात आई एका संध्याकाळी मला म्हणाली, ‘अरे, कणकण वाटतेय मला.’ मी फळीवरचा थर्मामीटर काढला, झटकला, तिच्या काखेत दिला आणि मग दिव्याशी तिरपा धरून पाहिला. पारा अठ्ठ्याण्णवाच्या खाली. ‘ताप नाही तुला,’ मी म्हणालो. ‘ताप आहे म्हणाले का मी? कणकण आहे म्हणाले,’ ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनीही नळी लावली, नाडी पाहिली, आणि ‘आजी, काही नाही, विश्रांती घ्या’ असे सांगून गेले. त्यांना तरी काय म्हणावे? मीच त्यांना दारात ‘ताप नाही हो’ असे सांगून टाकले होते. चौथ्या रात्री तिला धाप लागली. न्यूमोनिया निघाला. म्हाताऱ्या माणसाच्या अंगात न्यूमोनिया तापावाचूनही मुक्काम करतो, हे मला मागाहून कळले. आई त्यातून उठली. पण पुढे कधी ‘कसे वाटते ग?’ म्हणून विचारले, की ती म्हणे, ‘मला काय विचारतोस? नळीला विचार.’

ह्या नळीचा इतिहास आधी पाहिला पाहिजे. कारण रोग्याच्या शब्दाची किंमत उतरली ती नळ्यांमुळेच. आपल्याकडे वाग्भटाने रोगी तपासण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पाहावे, हात लावून पाहावे आणि विचारावे. युरोपातही अठराव्या शतकापर्यंत वैद्याचा मोठा आधार विचारण्याचाच होता. १८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात लेनेक ह्याने कागदाची सुरळी करून एका तरुण स्त्रीच्या छातीला लावली आणि स्टेथॉस्कोपचा जन्म झाला. रोगी काय बोलतो ह्यापेक्षा त्याची छाती काय बोलते, हे ऐकण्याची सोय झाली. पुढे लाइपझिग येथे वुंडरलिश ह्याने सुमारे २५,००० रोग्यांच्या तापाच्या नोंदी ठेवल्या आणि १८६८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. निरोगी माणसाच्या अंगाची ऊब ३७ अंश सेल्सियस, हा आकडा जगाला त्याने दिला. त्याचा थर्मामीटर चांगला हातभर लांब आणि काखेत वीस मिनिटे धरून बसावे लागे. त्याच सुमारास इंग्लंडात ऑलबट ह्या डॉक्टराने सहा इंची थर्मामीटर केला. तो पाच मिनिटांत काम भागवी. नळी खिशात मावू लागली आणि रोग्याची बडबड ऐकण्याचे कारण आणखी एका अंशाने कमी झाले. हे सगळे चांगल्यासाठीच झाले, ह्यात मला शंका नाही. क्षय ओळखू येऊ लागला, विषमज्वराची चढउतार कागदावर दिसू लागली. पण जे दुखणे नळीत उतरत नाही, ते दुखणेच नव्हे, अशी एक समजूतही मागच्या दाराने घरात शिरली.

सर्दीने ह्या समजुतीची फार पंचाईत केली. सर्दीत ताप बहुधा नसतोच. रक्तात फारसे काही दिसत नाही. छाती स्वच्छ असते. आणि तरी माणूस हैराण झालेला असतो. सर्दी झाली आहे हे ठरवायचे कसे? तर ज्याला झाली त्यालाच विचारायचे; दुसरा उपाय नाही.

योगायोग असा की पहिला मोठा प्रयोग त्याच लाइपझिग शहरात झाला. १९१४ साली तेथील प्राध्यापक वाल्टर क्रूझे ह्याने आपल्या सर्दी झालेल्या सहायकाच्या नाकातला स्राव मिठाच्या पाण्यात पातळ केला, जिवाणू अडकून राहतील अशा बारीक गाळणीतून गाळला आणि त्याचे थेंब १२ जणांच्या नाकात टाकले. चौघांना सर्दी झाली. मग ३६ विद्यार्थ्यांवर तोच प्रयोग केला, तेव्हा १५ जण शिंकू लागले. सर्दीचे कारण जिवाणूहून बारीक आहे, असे त्याने सांगितले आणि ते पुढे खरेही ठरले. पण तपासणीसाच्या नजरेने पाहिले तर ह्या पुराव्यात एक भले मोठे भोक आहे. नुसत्या मिठाच्या पाण्याचे थेंब कोणाच्याच नाकात टाकले नव्हते. तसे केले असते तर किती जण शिंकले असते, कोण जाणे! शिवाय लाइपझिगच्या रस्त्यावरून फिरणाऱ्या विद्यार्थ्याला सर्दी व्हायला प्राध्यापकाचीच गरज असते असे नाही.

ही दोन्ही भोके बुजवण्याचे काम इंग्लंडात झाले, आणि ती हकीकत इतकी रंगतदार आहे की तिच्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. १९३०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये डोशे ह्या संशोधकाने चिंपांझींना माणसाची सर्दी देऊन दाखवली होती. लंडनच्या क्रिस्टोफर अँड्रूज ह्यांना चिंपांझी परवडेनात, म्हणून त्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांवर भागवले. पण विद्यार्थी संध्याकाळी नाटकाला जात, गर्दीत मिसळत, आणि भलतीच सर्दी घेऊन येत. माणसांना जगापासून तोडून ठेवल्याशिवाय हे काम व्हायचे नाही, हे अँड्रूजना कळून चुकले. महायुद्धाने त्यांना जागा दिली. १९४१ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने आणि तिथल्या रेड क्रॉसने सॉल्सबरी गावाजवळ साथीच्या रोगांसाठी लाकडी बराकींचे एक रुग्णालय उभारून दिले होते. युद्ध संपल्यावर त्या बराकी ब्रिटिश सरकारकडे राहिल्या, आणि १९४६ साली तेथे सर्दीच्या संशोधनाचे केंद्र सुरू झाले. ते १९९० पर्यंत चालले. ४४ वर्षांत सुमारे २०,००० माणसे तेथे आपण होऊन सर्दी घ्यायला आली!

आली म्हणजे काय, काही जण पुनःपुन्हा आली. दहा दिवसांचा मुक्काम, दोघातिघांना मिळून एक घर, जेवणखाण चांगले, पुस्तके, रेडिओ, खेळ, आणि वर दिवसाला तीन शिलिंग हातखर्च. युद्धोत्तर इंग्लंडात, जिथे लोणी अजून शिधापत्रिकेवर मिळत होते, तिथे हा थाट काही वाईट नव्हता. परीक्षेचा अभ्यास करायला विद्यार्थी येत, नवी जोडपी मधुचंद्राला येत. मोकळ्या माळावर फिरायला परवानगी होती; मात्र दुसऱ्या माणसाच्या तीस फुटांच्या आत जायचे नाही. आपल्याकडे २०२० साली लोकांनी दुकानांपुढे खडूने गोल आखले, तेव्हा मला ही तीस फुटांची शिस्त आठवल्यावाचून राहिली नाही.

पहिले काही दिवस नुसतेच थांबायचे, म्हणजे बाहेरून कोणी सर्दी आणली असेल तर ती उघडकीस यावी. मग नाकात थेंब. काहींना विषाणूचे, काहींना नुसत्या खारट पाण्याचे. कोणाला काय दिले हे पाहुण्यांना ठाऊक नाही आणि रोज सकाळी तपासायला येणाऱ्या डॉक्टरालाही नाही. डॉक्टर येत, मेट्रन येत, ‘आज कसे काय?’ विचारीत, आणि मग वापरलेले कागदी रुमाल मोजीत. पुढे पुढे रुमालांचे वजनही होऊ लागले. नाकातून किती ग्रॅम सर्दी बाहेर पडली ह्याचा हिशेब! वाचणाऱ्याला हसू येईल, पण ह्या हसण्याजोग्या वहीतच आपल्या प्रश्नाचे मर्म आहे. रुमालांचा आकडा आणि माणसाचे म्हणणे ह्यांची गाठ नेहमी पडतेच असे नाही. एखादा पाहुणा वीस रुमाल भिजवून आनंदाने टेबल टेनिस खेळतो, तर दुसरा दोनच रुमाल वापरतो आणि डोके धरून बसतो. मग जास्त आजारी कोण?

ह्याच बराकींत गारठ्याची परीक्षा झाली. गरम पाण्याने अंघोळ घालून काही जणांना ओलेत्याने वाऱ्याच्या बोळात अर्धा अर्धा तास उभे केले, वर ओले मोजे घालून बसवले. नुसत्या गारठ्याने कोणालाच सर्दी झाली नाही. आजीच्या ‘ओल्या डोक्याने फिरू नकोस’ ह्या आज्ञेला धक्काच म्हणायचा. परंतु २००५ साली कार्डिफ येथे दुसरा एक प्रयोग झाला. ९० जणांचे पाय वीस मिनिटे गार पाण्यात, ९० जणांचे रिकाम्या पातेल्यात. पुढच्या चार-पाच दिवसांत गार पाण्यातल्या १३ जणांनी ‘मला सर्दी झाली’ असे सांगितले, रिकाम्या पातेल्यातल्या पाचांनी. मग आजी जिंकली का? सावकाश. नाकातला विषाणू कोणी तपासला नव्हता; ‘झाली’ म्हणणाऱ्याच्या शब्दावर सारा डोलारा होता. आणि आपले पाय गार पाण्यात होते की कोरड्या पातेल्यात, हे प्रत्येकाला पक्के ठाऊक होते. लहानपणापासून आजीचे ऐकलेल्या माणसाने गार पाण्यात पाय बुडवल्यावर नाकाकडे जरा जास्तच लक्ष ठेवले असेल, तर त्याला खोटारडा कसे म्हणावे?

सॉल्सबरीला डेव्हिड टिरेल आले आणि १९६० साली त्यांनी सर्दीचे मुख्य विषाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवले. युक्ती साधी होती. वुंडरलिशचा ३७ अंशांचा आकडा त्यांनी बाजूला ठेवला आणि पेशी ३३ अंशांवर ठेवल्या, कारण नाकाची ऊब तेवढीच असते. १९६५ साली टिरेल आणि बायनो ह्यांना एका शाळकरी मुलाच्या नाकातून एक असा विषाणू मिळाला की तो नेहमीच्या कोणत्याच रीतीने दिसेना. मानवी श्वासनलिकेच्या तुकड्यावर तो वाढवला, पण वाढला आहे हे कशावरून? ते पाणी पाहुण्यांच्या नाकात टाकले आणि पाहुण्यांना सर्दी झाली, ह्यावरून! पुढे जून अल्मेडा ह्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा मुकुट पाहिला आणि १९६८ साली त्या कुळाचे करोना असे नामकरण झाले. त्या कुळातल्या एकाने पुढे साऱ्या जगाला घरात बसवले. पण त्याच्या ह्या पूर्वजाची पहिली साक्ष यंत्राने दिली नाही, शिंकणाऱ्या माणसाने दिली, हे मला विसरता येत नाही.

तिकडे अमेरिकेत शिकागोला जॉर्ज जॅक्सन आणि त्यांचे सहकारी हेच प्रयोग करीत होते. माणसाचे म्हणणे आकड्यात बांधण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. १९५८ साली त्यांनी आठ तक्रारींची यादी छापली: शिंका, डोकेदुखी, अस्वस्थता, थंडी भरल्यासारखे वाटणे, नाक गळणे, नाक चोंदणे, घसा दुखणे, खोकला. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण. सहा दिवसांची बेरीज किमान १४ भरली, आणि त्याखेरीज त्या माणसाला स्वतःला ‘सर्दी झाली’ असे वाटत असेल किंवा तीन दिवस नाक गळत असेल, तर सर्दी झाली असे धरायचे. मी जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या. त्यामुळे १४ गुणांना उत्तीर्ण होणारी ही परीक्षा मला फार आवडली. तिच्यातला एक बारकावा पाहण्यासारखा आहे. आठ तक्रारींची बेरीज करूनही जॅक्सन ह्यांना ‘तुला स्वतःला काय वाटते?’ हा प्रश्न सोडवला नाही.

ही गुणपत्रिका पुढे चाळीस-पन्नास वर्षे चालली. पण ती डॉक्टरांनी डॉक्टरांच्या बैठकीत केलेली. कोणते आठ प्रश्न विचारायचे हे रोग्याला कोणी विचारले नव्हते. आणि शब्दाचा पुरावा किती हळवा असतो हे १९७५ साली एका गमतीदार प्रकाराने चव्हाट्यावर आले. लायनस पॉलिंग ह्या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने १९७० साली पुस्तक लिहून क जीवनसत्त्वाने सर्दी आटोक्यात येते असे सांगितले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आपल्याच कर्मचाऱ्यांवर ते पडताळून पाहिले. निम्म्यांना क जीवनसत्त्वाच्या कुप्या, निम्म्यांना दुधातल्या साखरेच्या. कर्मचारी हुशार! त्यांनी कुप्या फोडून चाखल्या. आंबट लागले की समजायचे आपले नशीब चांगले. हिशेब झाला तेव्हा क जीवनसत्त्वाने सर्दी थोडी लवकर आटोपते असे दिसले खरे, पण ज्यांना आपली कुपी ओळखता आली नव्हती त्यांच्यात तो गुण दिसेना. जिभेने नाकाची साक्ष फिरवली होती.

आता इथे दोन रस्ते फुटतात. एक म्हणतो, पाहा, माणसाच्या सांगण्यावर विश्वास ठेवता येत नाही, नळीच बरी. दुसरा म्हणतो, साक्षीदार हळवा आहे म्हणून त्याला न्यायालयाबाहेर काढू नका. उलटतपासणी नीट करा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्राने दुसरा रस्ता धरला, आणि त्याची हत्यारे त्याला वैद्यकाकडून न मिळता मानसशास्त्राकडून आणि आम्हा मास्तरांच्या परीक्षांकडून मिळाली. १९३२ साली लिकर्ट ह्यांनी ‘मुळीच नाही’पासून ‘पूर्णपणे’पर्यंतच्या पायऱ्या घातल्या. १९५१ साली क्रॉनबाख ह्यांनी एक गुणांक काढला. प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांच्या हातात हात घालून चालतात की प्रत्येक जण आपल्या वाटेने जातो, हे त्यावरून कळते.

हा सारा व्याप बाजारातल्या मापाचा आहे. आमच्या घरी चिपटे, मापटे, शेर, पायली अशी मापे होती. माप खरे की खोटे, हे आजोबा कसे पाहत? तेच जोंधळे दोनदा मोजून बघत. आकडा तोच यायला हवा. दुसऱ्या दुकानदाराच्या मापाशी ताडून बघत. आणि मूठभर धान्य वाढवले तर मापात दिसते का, तेही बघत. प्रश्नावलीच्या परीक्षा ह्याच तीन. मात्र सर्दीच्या बाबतीत पहिली परीक्षा चालत्या बैलगाडीत तराजू धरण्यासारखी आहे, कारण सर्दी रोज बदलते. काल पाच आणि आज तीन आले तर माप खोटे, की माणूस बरा होतो आहे? म्हणून अशा प्रश्नावलीत शेवटी एक प्रश्न घालतात: कालच्यापेक्षा आज कसे वाटते? त्या उत्तराशी आकडा चढला-उतरला तर माप चांगले. आणि विचारायचे ते आजचे. ‘गेल्या आठवड्यात कसे होते?’ म्हणून विचारले तर माणूस सगळ्या आठवड्याला आजचाच रंग देतो. ह्या सगळ्यांवर एक चौथी परीक्षा आहे, आणि ती सर्वांत अवघड. पायलीने दूध मोजू नये. म्हणजे जे मोजायचे आहे तेच आपण मोजतो आहोत ना?

चौथ्या परीक्षेचे उत्तर विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन गावच्या ब्रूस बॅरेट ह्या डॉक्टरांनी मला पटेल अशा रीतीने शोधले. ते सर्दी झालेल्या माणसांकडे गेले आणि म्हणाले, तुमच्याच शब्दांत सांगा. एकेकट्याला विचारले, चारचौघांना एकत्र बसवून विचारले. त्यातून २००२ साली ४४ प्रश्नांची प्रश्नावली झाली आणि पुढे तिची २१ प्रश्नांची धाकटी बहीण. पहिला प्रश्न: आज तुम्हाला किती आजारी वाटते? मग नाक, घसा, खोकला वगैरे दहा तक्रारी. मग नऊ प्रश्न असे की जे जॅक्सनच्या यादीत नव्हते: नीट विचार करता येतो का, झोप लागते का, जिना चढता येतो का, माणसांत मिसळता येते का. शून्य ते सात गुण. एखाद्या औषधाने किती फरक पडला म्हणजे त्याचा खर्च आणि खटाटोप सोसण्याजोगा वाटेल, हेही बॅरेट ह्यांनी रोग्यांनाच विचारले. २०१० साली त्यांनी ह्याच मापाने एका लोकप्रिय वनौषधीची, एकिनेशियाची, ७१९ माणसांवर परीक्षा घेतली. सोबत नाक धुऊन त्यातली दाहाची रसायनेही मोजली. औषधाने नजरेत भरण्याजोगा गुण दाखवला नाही. प्रश्नावली औषधाची भाट नाही, हे मात्र सिद्ध झाले.

२००९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्गदर्शक सूचनाच काढल्या, की रोग्याच्या सांगण्यावरून औषधाचा गुण सिद्ध करायचा असेल तर प्रश्नावली रोग्यांशी बोलून केलेली आणि पारखलेली असावी. त्या सूचनांबरहुकूम इन्फ्लुएंझासाठी ३२ प्रश्नांची एक रोजनिशी तयार झाली. नाक, घसा, डोळे, छाती, पोट आणि सारे अंग, अशा तिच्या सहा कोठड्या. अमेरिका आणि मेक्सिकोतल्या रोग्यांशी इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये बोलून ती केली. हे सारे यथासांग झाले आणि मग २०२० साल उजाडले.

त्या वर्षी मार्च महिन्यात लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या मंडळींनी फोनवरून लोकांना रोजचे दुखणे नोंदवायला सांगितले. लाखो लोकांनी नोंदवले. अगदी थोड्या दिवसांत एक चमत्कारिक तक्रार वर आली: वास येत नाही. भाजलेली कॉफी, करपलेले दूध, कशाचाच वास नाही. सरकारी याद्यांत ताप होता, खोकला होता, वास नव्हता. ब्रिटिश सरकारने १८ मे २०२० रोजी तो यादीत घातला. पुढे त्या ३२ प्रश्नांतही वास आणि चव अशा दोन प्रश्नांची भर पडून ते ३४ झाले. नंतर लंडनमध्ये ३६ तरुणांनी सॉल्सबरीच्या पाहुण्यांसारखे आपण होऊन नाकात विषाणूचे थेंब घेतले. १८ जणांना लागण झाली, त्यांतल्या १६ जणांनी रोजनिशीत तक्रारी लिहिल्या. दोघांनी काहीच लिहिले नाही. त्यांच्या नाकात विषाणू होता आणि त्यांना काही वाटत नव्हते. ही दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. नळी आणि शब्द, दोघांचेही हात तोकडे आहेत.

मी ह्या वाटेला लागलो तो माझ्या पुतणीमुळे. ती डॉक्टर आहे. अशाच एका प्रश्नावलीचा मराठी अवतार तयार होत होता, तेव्हा ती म्हणाली, ‘काका, तुम्ही या. आमचे मराठी इंग्रजीच्या चाकांवर चालते.’ ह्या कामाची एक ठरलेली रीत आहे. दोघे जण निरनिराळे भाषांतर करतात, मग एक होतो. तिसरा, ज्याने मूळ पाहिलेले नाही असा माणूस, ते मराठी पुन्हा इंग्रजीत नेतो, आणि मूळ इंग्रजीशी ताडतात. त्यात मौजा फार. ‘घसा बसला’ ह्याचे इंग्रजी होऊन आले ते घसा कुठेतरी खाली टेकल्यासारखे. ‘छाती भरली’ म्हणजे काय भरले, अशी लेखी विचारणा आली. ‘अंग मोडून येते’ वाचून कोणाला तरी हाडे मोडल्याची धास्ती वाटली.

थंडी भरून येण्याच्या प्रश्नापाशी भाषांतरकारांनी ‘थंडी वाजते का?’ असे लिहिले होते. मी म्हणालो, इथे कणकण हवी. परत जाणाऱ्या भाषांतरात तिचा ‘बारीक ताप’ झाला. मी म्हणालो, ताप नव्हे. ताप नळीत दिसतो. तासभर वाद झाला. मला तो जिंकायचा होता, आणि का जिंकायचा होता हे मी तिथे कोणाला सांगितले नाही. शेवटी पुतणी म्हणाली, ‘आपण भांडण्यापेक्षा लोकांना विचारू.’

रीतीप्रमाणे सर्दी-खोकला झालेल्या माणसांसमोर एकेक प्रश्न वाचून त्यांना काय समजले ते विचारायचे होते. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आल्या. ‘थंडी वाजते का?’ ‘नाही बाई, स्वेटर घातलाय ना.’ ‘कणकण वाटते का?’ ‘ती तर परवापासून आहे.’ पुतणीने माझ्याकडे पाहिले आणि कागदावर खूण केली. ‘मध्यम’ आणि ‘सौम्य’ बाईंना कळेनात. ‘थोडं’, ‘बरंच’ आणि ‘फार’ लगेच कळले. ‘जिना चढता येतो का?’ ह्यावर म्हणाल्या, ‘आमच्याकडे जिना कुठला?’ तो प्रश्न बाजूला ठेवला. मग आला घरकामाचा प्रश्न. आजारपणामुळे घरातले काम करणे कितपत अवघड झाले आहे? बाईंनी तो दोनदा वाचून घेतला. म्हणाल्या, ‘अवघड म्हणजे? करावंच लागतं.’ पुतणीने पुन्हा समजावले. त्यांनी शून्यावर बोट ठेवले आणि तेवढ्यात त्यांना खोकल्याची ढास लागली ती दोन मिनिटे थांबली नाही.

कणकण त्या प्रश्नावलीत राहिली. घरकामाच्या प्रश्नापुढे समासात मी बाईंचे वाक्य पेन्सिलीने जसेच्या तसे लिहिले, शून्याभोवती एक वर्तुळ काढले आणि कागद मंडळींकडे परत धाडला. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.